डोळ्यात अँटिबायोटिक ड्रॉप टाकताना: कुठला, कधी, कसा आणि कधी अजिबात नाही

डोळे आले की नाशिकमध्ये बहुतेकांचे पाय आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे वळतात. "डोळ्याचा ड्रॉप द्या" एवढ्यावर बाटली हातात पडते, घरी आल्यावर तीच बाटली चौघांच्या डोळ्यांत फिरते आणि उरलेली पुढच्या वेळेसाठी कपाटात जाते. यातल्या प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडू शकतं. ड्रॉप टाकायची रीत पुढे सविस्तर दिली आहे, पण त्याआधी हातातली बाटली या डोळ्यासाठी आहे का, हे पाहायला हवं. थेंब तिरका पडला तर फार तर वाया जातो. चुकीचं औषध पडलं, किंवा त्याच्या भरवशावर चार दिवस गेले, तर बुबुळावर कायमचं फूल राहू शकतं.

आधी डोळा पाहा

डोळा लाल होण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर डोळ्यातून काय येतंय ते पाहा. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यात पिवळट किंवा हिरवट, दाट पू येतो. पुसला तरी थोड्या वेळात पुन्हा कडेला जमतो आणि सकाळी पापण्या घट्ट चिकटलेल्या असतात. विषाणूंमुळे आलेल्या डोळ्यातून पाणी गळत राहतं, सोबत सर्दी किंवा घसादुखी असते, कधी कानापुढची गाठ दुखते आणि दोन-तीन दिवसांत दुसरा डोळाही लाल होतो. ॲलर्जीत खाज हे मुख्य लक्षण. दोन्ही डोळे चोळत बसावेसे वाटतात. सकाळी थोडं चिपड विषाणूंच्या डोळ्यातही येतं, म्हणून नुसत्या चिकटलेल्या पापणीवरून निष्कर्ष काढू नका. दिवसभर पू येत राहतो का, ते पाहा.

२०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती, ती मुख्यतः विषाणूंची होती. अशा साथीत अँटिबायोटिक ड्रॉप तासातासाला टाकूनही डोळा लवकर बरा होत नाही. थंड पाण्याच्या स्वच्छ घड्या, डॉक्टरांनी सांगितले तर कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप आणि एक ते तीन आठवडे धीर, एवढंच त्याला लागतं. जिवाणूंचा साधा डोळासुद्धा पुष्कळदा सात ते दहा दिवसांत आपला आपण उतरतो. ड्रॉपमुळे तो थोडा लवकर उतरतो आणि घरातल्या इतरांना लागण्याचा काळ कमी होतो. रांजणवाडीला तर बहुतेक वेळा ड्रॉप लागतच नाही. कोमट पाण्यात पिळलेली घडी दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं धरली की ती बसते किंवा फुटते. ती दाबून फोडायला मात्र जाऊ नका.

या डोळ्यांत घरचा ड्रॉप नको, त्याच दिवशी डॉक्टर

साध्या आलेल्या डोळ्यात सलतं, जळजळतं, पण असह्य दुखत नाही आणि पू पुसला की दिसायला लागतं. यापेक्षा वेगळं काही असेल तर थांबू नका. डोळा आत खोल ठणकतोय, उजेड सहन होत नाही, पुसूनही धूसरच दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका आहे, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात आणि डोकं दुखून उलटी होतेय, पापणी सुजून डोळा हलवताना दुखतोय आणि ताप आहे, अशा कुठल्याही स्थितीत त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पू इतका की पुसता पुसता पुन्हा भरतो आणि हे काही तासांतच वाढलंय, तर ती वेगळ्या आणि फार वेगाने बुबुळ पोखरणाऱ्या जिवाणूंची खूण असू शकते.

एक महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू आला तर घरात कुठलाही उपाय करू नका. आईचं दूध नको, काजळ नको, थोरल्या भावंडाचा उरलेला ड्रॉप नको. बाळंतपणात लागलेला संसर्ग असू शकतो आणि त्याला फक्त ड्रॉप पुरत नाहीत. जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे बाळंतपण झालं तिथे लगेच दाखवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, रात्र असली तरी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी फोन करा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल झाला की लेन्स तिथल्या तिथे काढावी आणि त्याच दिवशी तपासून घ्यावं. लेन्सखाली बुबुळावर जखम होऊन स्यूडोमोनाससारखे जिवाणू एक-दोन दिवसांत बुबुळ खराब करू शकतात. काढलेली लेन्स आणि तिची डबी फेकून न देता सोबत न्या. कधी कधी तपासणीला उपयोगी पडते.

द्राक्षबाग, कांद्याची खळी आणि एमआयडीसी

हा भाग जिल्ह्यातल्या माणसांनी जरा सावकाश वाचावा. निफाड, दिंडोरीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की काडीचा फटका डोळ्याला लागणं नेहमीचं. त्या क्षणी थोडं पाणी येतं, मग बरं वाटतं आणि काम पुढे चालू राहतं. चार-सहा दिवसांनी डोळा लाल, दुखरा होतो आणि नीट पाहिलं तर बुबुळावर पांढुरका डाग दिसतो. पानाफांदीने झालेल्या जखमेत पुष्कळदा बुरशी शिरते. अँटिबायोटिक ड्रॉप बुरशीवर काम करत नाही. तिच्यासाठी नॅटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं, तेही आठवडेच्या आठवडे. मेडिकलमधून आणलेला ड्रॉप टाकत आठ दिवस काढले तर बुरशी तेवढी खोल जाते. कांद्याचं टरफल, उसाचं पातं, मक्याचं तूस, जनावराच्या शेपटीचा फटका, सगळ्यांना हेच लागू.

डॉक्टर अशा डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात जखम पाहतात आणि गरज पडली तर तिथला नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आधीच भरपूर अँटिबायोटिक टाकलं असेल तर नमुन्यात जिवाणू वाढवून ओळखणं अवघड जातं. म्हणून मार लागलेल्या डोळ्यात पहिला ड्रॉप डॉक्टरांनी पाहिल्यावरच पडावा. जाताना घरी टाकलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या आणि काय काय टाकलं ते मोकळेपणाने सांगा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण बुबुळात रुततो. तो शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून घेऊ नका. कण निघाला तरी गंजाचं कडं मागे राहतं आणि काडीने जंतू आत जातात.

रसायन उडालं असेल तर ड्रॉप हा प्रथमोपचारच नव्हे. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला लावायचं हायड्रोजन सायनामाइड, बोर्डो मिश्रणातला चुना, फवारणीचं औषध, यातलं काहीही डोळ्यात गेलं तर तिथेच, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान वीस ते तीस मिनिटं डोळा धुवा. चुन्याचे कण वरच्या पापणीखाली अडकून राहतात, तेव्हा पापणी वर ओढून आतही पाणी जाऊ द्या. मग दवाखान्यात जा, रसायनाचा डबा सोबत घेऊन.

बाटलीवर काय वाचायचं

मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. नेहमी दिसणारी नावं अशी: मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के, ऑफ्लॉक्सासिन ०.३ टक्के, गॅटिफ्लॉक्सासिन ०.३ टक्के, टोब्रामायसिन ०.३ टक्के, क्लोरॅम्फेनिकॉल ०.५ टक्के. मूळ नाव पाठ असलं की जनऔषधी केंद्रातही तेच औषध मागता येतं. ही सगळी चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत आणि खोक्यावर तशी सूचना छापलेली असते.

आता खरी धोक्याची जागा. याच नावापुढे अधिकचं चिन्ह किंवा 'आणि' लिहून दुसरं नाव आहे का, ते पाहा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी काही असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. अशा ड्रॉपने लाली एका दिवसात उतरते, म्हणून तो लोकांना "गुणकारी" वाटतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुचवला जातो. प्रत्यक्षात डोळ्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तेवढी खाली बसलेली असते. आत नागिणीच्या जातीचा विषाणू किंवा बुरशी असेल तर ती मोकाट वाढते. आठवडे, महिने वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते द्यावंच लागतं, ठरल्या दिवसांनी एकेक थेंब कमी करत. पण नेमकी त्यामुळेच आजीच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली घराघरांत सापडते आणि नातवाचे डोळे आले की तीच उघडली जाते. ती बाटली आजच कचऱ्यात गेली पाहिजे.

लाली घालवणारे, डोळे "पांढरे शुभ्र" करणारे ड्रॉपही यात कामाचे नाहीत. त्यांनी रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात, जंतूंना काही होत नाही.

बाटलीवर ती डोळ्यासाठी असल्याचं लिहिलेलं हवं. डोळ्याचा म्हणून बनवलेला ड्रॉप डॉक्टर कधी कानात टाकायला सांगतात, पण नुसता कानाचा ड्रॉप डोळ्यात कधीच चालत नाही. तो तेवढा निर्जंतुक नसतो आणि त्यातले घटक डोळ्याला भाजतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, तेव्हा त्या एका डब्यात ठेवू नका, आणि रात्री अंधारात चाचपून ड्रॉप टाकू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: पूर्वी कुठल्या ड्रॉपने पापण्या सुजल्या का, सल्फाची ॲलर्जी आहे का (सल्फासिटामाइडचे ड्रॉप अजूनही मिळतात), रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा आजार आहे का (मग क्लोरॅम्फेनिकॉल नको), दिवस गेले आहेत का, काचबिंदूचे ड्रॉप चालू आहेत का.

चिठ्ठीवर 'आरई' म्हणजे उजवा डोळा, 'एलई' डावा, 'बीई' दोन्ही. 'टीडीएस' म्हणजे दिवसातून तीनदा, 'क्यूआयडी' म्हणजे चारदा, 'एचएस' म्हणजे झोपताना. अक्षर लागत नसेल तर मेडिकलवाल्याकडून खोक्यावर मराठीत लिहून घ्या.

नवी बाटली उघडणं

यात घाई फार होते. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांचं टोक बंद असतं आणि झाकणाच्या आत एक छोटी टोकदार खिळी असते. आधी झाकणाखालची सुटी कडी तोडून फेकायची, मग झाकण घड्याळाच्या दिशेने घट्ट पिळायचं. खिळी टोकाला नेमकं भोक पाडते. नंतर उलटं फिरवून झाकण काढायचं. हे ठाऊक नसलं की सुई, सेफ्टी पिन नाहीतर ब्लेडने टोक कापलं जातं. मग भोक मोठं होतं, थेंबाऐवजी धार पडते, पाच दिवसांचं औषध दोन दिवसांत संपतं आणि पिनेवरचे जंतू थेट बाटलीत जातात. कापलेलं प्लॅस्टिक धारदार राहतं ते वेगळंच. सुटी कडी काढली नाही तर कधी बाटली उलटी धरल्यावर तीच डोळ्यात पडते.

सील आधीच तुटलेलं, द्रव गढूळ, आत तरंगणारे कण, मुदत संपलेली, यातलं काही दिसलं तर बाटली परत करा. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा, खोक्यावर नको, कारण खोकं पहिल्या दिवशीच हरवतं.

थेंब टाकण्याची रीत

हात साबणाने वीस सेकंद धुवा, नखांखालीही, आणि स्वतःच्या वेगळ्या टॉवेलला पुसा. डोळ्यात पू किंवा वाळलेलं चिपड असेल तर त्यावर थेंब टाकून उपयोग नाही. औषध पुवातच अडकतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून पिळा, मिनिटभर बंद पापणीवर ठेवा म्हणजे खपली भिजेल, मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच पुसा. तो कापूस टाकून द्या, दुसऱ्या पुसण्याला दुसरा घ्या, दुसऱ्या डोळ्याला तर नवाच. वाळलेली खपली नखाने ओढू नका, पापणीचे केस तुटतात.

नुसत्या पाण्यासारख्या ड्रॉपला हलवायची गरज नसते. 'हलवून वापरा' असं लिहिलं असेल तर दहा-पंधरा वेळा वरखाली करा.

बसून डोकं मागे टेका किंवा सरळ आडवे व्हा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटी खोबण तयार होते. नजर छताकडे. बाटली डोळ्याच्या वर साधारण एक-दोन सेंटिमीटर धरा आणि एक थेंब त्या खोबणीत पडू द्या, थेट बुबुळावर नको. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचा मनगटाकडचा भाग कपाळावर टेकवा. टोक पापणीला, केसांना, बोटाला, कशालाही लागता कामा नये. एकदा लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब तेच जंतू परत आणतो. पू नेमका संपत आलेला असताना डोळा पुन्हा बिघडतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

एकच थेंब पुरतो. एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं आणि डोळ्यात मावतं त्याहून कमी. दुसरा थेंब गालावरून ओघळतो किंवा नाकात उतरतो. पहिला चुकला आणि पापणीवरच पडला, तरच पुन्हा टाका.

आता पापणी सोडा आणि डोळा हलकेच मिटा. घट्ट आवळू नका, फडफडवू नका. प्रत्येक मिचकावणीबरोबर औषध अश्रुनळीतून नाकात ढकललं जातं. नाकाकडच्या कोपऱ्यावर, जिथे छोटा उंचवटा लागतो तिथे, बोटाने एक-दोन मिनिटं अलगद दाबून धरा. अश्रुनळी तिथूनच सुरू होते. दाबल्यामुळे औषध डोळ्यात टिकतं, घशात येणारी कडू चव जवळजवळ बंद होते आणि लहान मुलांच्या पोटात जाणारं औषध कमी होतं. ही दोन मिनिटं बहुतेक जण गाळतात, आणि रीतीतला सर्वांत जास्त फायदा त्यातच आहे. बाहेर आलेलं औषध टिश्यूने टिपा, झाकण लावा, हात पुन्हा धुवा. टोक पुसू नका, पाण्याने धुऊही नका.

दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी, दहा मिनिटांनी. मलम खालच्या पापणीच्या खोबणीत सुमारे एक सेंटिमीटरची रेघ, बाटलीसारखंच टोक न लावता. थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवू नका. म्हणूनच मलम बहुधा रात्री देतात. डोळ्यात घालायच्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या मलमाच्या कॅप्सूल मिळतात, त्यांचं टोक स्वच्छ कात्रीने कापून एकदाच वापरायचं आणि उरलेलं फेकायचं. त्या गिळायच्या नसतात हे घरातल्या वयस्कर माणसांना स्पष्ट सांगून ठेवा.

लहान मूल डोळे उघडत नसेल तर जबरदस्तीने पापणी फाडू नका. उताणं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवा आणि गोष्ट सांगत थांबा. मूल डोळा उघडेल तेव्हा औषध आपोआप आत जाईल. अगदी तान्ह्याला पातळ चादरीत हात गुंडाळून घेतलं की एका माणसालाही जमतं. रडत असताना टाकलेला थेंब अश्रूंनी वाहून जातो, थोडं शांत होऊ द्या.

वेळा, दिवस आणि मधेच सोडणं

किती वेळा टाकायचं ते औषधावर आणि डोळ्यावर ठरतं, म्हणून चिठ्ठी पाळा. अंदाज यावा म्हणून: मॉक्सिफ्लॉक्सासिन साधारणपणे दिवसातून तीनदा, सात दिवस देतात, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा अशा वेळा सोयीच्या. सिप्रोफ्लॉक्सासिन पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी आणि पुढचे पाच दिवस दर चार तासांनी. सुरुवातीला वारंवार टाकणं मुद्दाम असतं, कारण अश्रू काही मिनिटांत औषध धुऊन नेतात आणि जंतू सर्वांत जास्त तेव्हाच असतात. शिफ्टवर जाणाऱ्यांनी मोबाइलवर गजर लावावेत. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर टाका. पुढची वेळ आलीच असेल तर दुप्पट थेंब टाकू नका.

दोन-तीन दिवसांत डोळा बरा दिसायला लागतो आणि बाटली बाजूला पडते. सांगितलेले दिवस पुरे करा. उलट बाजूने, बरं वाटतंय म्हणून पंधरा-वीस दिवस चालू ठेवणंही चूक; औषधातल्या संरक्षक रसायनाने डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा आणि चिडचिडा होतो आणि लाली औषधाचीच असते. निरोगी डोळ्यात "खबरदारी म्हणून" ड्रॉप नको.

टाकल्यावर अर्धा-एक मिनिट झोंबणं चालतं. पापण्या सुजणं, लाली वाढणं, पापणीची कातडी सोलणं, खाज सुटणं ही ॲलर्जी. थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय. आणि ४८ ते ७२ तासांत पू कमी झाला नाही, तर मेडिकलमधून "जरा स्ट्राँग" दुसरा ड्रॉप आणण्याऐवजी डोळा दाखवा. जंतूंनी दाद दिली नसेल, निदान वेगळं असेल किंवा थेंब डोळ्यात पडतच नसेल. तपासताना डॉक्टरांसमोर एकदा स्वतः थेंब टाकून दाखवा, चूक तिथेच सापडते.

बाटली कुठे ठेवायची

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या घरात जातो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. बहुतेक ड्रॉप २५ किंवा ३० अंशांखाली ठेवायचे असतात, काही फ्रिजमध्ये. खोक्यावर लिहिलेलं पाहा. क्लोरॅम्फेनिकॉलच्या ड्रॉपला उष्णता विशेष मानवत नाही. फ्रिजमध्ये ठेवायची तर दारात, झाकणाच्या डब्यात. फ्रीजरमध्ये कधीच नाही. खिडकीची कड, देवघराचा दिवा, गॅसजवळचं फडताळ या जागा टाळा. त्र्यंबकला, गावाला निघालात तर बाटली डिकीत न टाकता अंगावरच्या पिशवीत घ्या.

घरात आणि बाहेर

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल, मोबाइल यांवरून ते पसरतात. काळ्या गॉगलने उजेड कमी लागतो आणि हात डोळ्याला कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग. अभ्रा आणि टॉवेल रोज बदला, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. डोळ्यावर पट्टी बांधू नका. आत उबेत जंतू वाढतात आणि पू अडकतो. वापरातलं काजळ, मस्कारा फेका, कारण पुन्हा लागण तिथूनच होते. पू थांबेपर्यंत मुलांना शाळेत आणि तरणतलावात पाठवू नका. आलेल्या डोळ्यांनी रामकुंडात बुडी नको. पुढच्या सिंहस्थातल्या गर्दीतही हे पाळलं तर सोबतच्यांचे डोळे वाचतील.

गुलाबपाणी, मध, तूप, कांद्याचा रस, गोमूत्र, धण्याचं पाणी यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. धुतलेल्या तळहातावर घेऊन टाकलं तरी नाही. बुबुळावर ओरखडा असेल तर त्यातूनच जंतू आत शिरतात.

पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभरावर थेंब असतात आणि दोन्ही डोळ्यांत चार वेळा, सात दिवस टाकले तरी छप्पनच लागतात. म्हणजे उपचार संपल्यावर बाटली जवळजवळ अर्धी उरणारच. ती जपून ठेवू नका, शेजारी देऊ नका. उघडल्यापासून एक महिन्यानंतर तर ती वापरायचीच नाही, मग छापलेली मुदत दोन वर्षं पुढची का असेना. बाटलीवरचं लेबल खरवडून, झाकण घट्ट लावून ती घंटागाडीत घरगुती घातक कचऱ्यात वेगळी द्या; बेसिनमध्ये ओतू नका.